मदत हवी आहे: आईला घेऊन सुरिनला (थायलंड) जायचंय, हत्तींची जत्रा गाठावी की टाळावी?

नमस्कार मंडळी,

थायलंड म्हटलं की आमचा ट्रॅव्हल एजंट पट्टाया-फुकेतच्या पलीकडे सरकायला तयार नाही. "सुरिन? तिथे काय आहे मॅडम?" असं त्याने मलाच विचारलं, म्हणून इथे आले.

माझी आई येवल्याची, विणकरांच्या घरातली. लग्नाआधी काही वर्षं स्वतः माग चालवलेला. आता वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण डोळे शाबूत. मागे तिला मोबाइलवर सुरिनजवळच्या बान था सावांग गावातल्या मागाचा व्हिडिओ दिसला (बान म्हणजे गाव). माणसापेक्षा कितीतरी उंच माग, खाली खड्डा, खड्ड्यात एक बाई उतरलेली आणि वर तिघीजणी. नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या तब्बल १,४१६ काठ्या. चौघी मिळून दिवसभरात विणणार जेमतेम चार बोटं. २००३ साली बँकॉकला एपेकची (आशिया-पॅसिफिक देशांच्या गटाची) शिखर परिषद झाली, तेव्हा राष्ट्रप्रमुखांच्या पोशाखांचं जरीचं रेशीम इथेच विणलं होतं. आईने व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि एवढंच म्हणाली, "खालची चुकली की वरच्या तिघींचा दिवस गेला." त्या दिवसापासून घरात सुरिन सुरू आहे.

आता अडचण हत्तींची. सुरिन मुळात हत्तींसाठीच प्रसिद्ध. तिथले कुय लोक पिढ्यान्‌पिढ्या रानहत्ती पकडून माणसाळवायचे. म्हशीच्या कातड्याच्या दोराने पकडायचे, आणि त्या दोराचं घरोघरी देवघर असायचं. रानहत्ती पकडणं आता इतिहासजमा झालंय. १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी आणल्यावर ओंडके ओढणाऱ्या हत्तींचं कामच गेलं. मग माहूत त्यांना घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर केळी-ऊस विकत फिरायला लागले. आता बरेच जण बान ता क्लांगला परतलेत. हे गाव सुरिन शहराच्या उत्तरेला, साधारण ६० किलोमीटरवर.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हत्तींची मोठी जत्रा भरते, १९६० पासून. आदल्या शुक्रवारी हत्तींना रस्त्यावर फळांची पंगत वाढतात. ते बघायला मला आवडेल. पण नंतर स्टेडियममध्ये हत्ती फुटबॉल खेळतात, रस्सीखेच करतात. नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीवरून आपल्याकडे जे रामायण झालं त्यात आमच्या घरातही दोन तट पडले होते. मी कुठल्या तटात होते ते सांगत बसत नाही, पण हत्तीला फुटबॉल खेळवणं मला बघवणार नाही. आई म्हणते, जत्रा सोडून गेलीस तर गेलीस कशाला?

तर जत्रेच्या आठवड्यात जाऊन पंगत बघावी आणि स्टेडियम टाळावं, की सरळ डिसेंबर-जानेवारीत शांतपणे जावं? ता क्लांगला पाठीवर न बसता हत्ती जवळून बघता येतात का? कंबोडियाच्या सीमेवरच्या भांडणाची धास्ती किती बाळगावी? आणि शाकाहारी आईच्या जेवणाचं काय?

प्रतिसाद

ताई, आम्ही जत्रा सोडूनच्या दिवसांत गेलो होतो आणि मला तरी तेच बरं वाटलं. जत्रेत हॉटेलं भरलेली असतात. ता क्लांगला घराच्या अंगणात आंब्याखाली हत्ती बांधलेला दिसतो, पायात साखळी असते, ते आधीच सांगून ठेवते. आईंनाही सांगा. पाठीवर बसायची सक्ती कोणी करत नाही. उसाची मोळी विकत घ्या, हत्ती सोंडेने ओढून नेतो, माहूत बाजूला उभा. आमच्यासमोर एकाने मोळी घेतली, पायाखाली दाबली आणि एकेक कांडं सोलल्यासारखं वेगळं करून खाल्लं. अर्धा तास आम्ही तेवढंच बघत होतो.

जेवणाचं: "किन जे" (म्हणजे शुद्ध शाकाहारी खाते) म्हणायला शिका. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की तिथे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणसुद्धा नाही. थेट चातुर्मासच! बाकी ठिकाणी नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी सगळ्यात पडतं, पपईच्या कोशिंबिरीतही. भात मात्र सुरेख, वासाचा. मेतकूट आणि लोणचं नेलंत तर आईंचं भागेल.

प्रतिसाद

सीमेबद्दल: २४ जुलै २०२५ ला गोळीबार सुरू झाला तो याच प्रांतातल्या ता म्वेन थोम मंदिरापाशी. डिसेंबरात पुन्हा पेटलं. म्हणजे धास्ती उगाच नाही. पण ते मंदिर दक्षिणेच्या डोंगरात, ता क्लांग उत्तरेला. निघायच्या आठवड्यात भारतीय दूतावासाची सूचना बघा आणि दक्षिणेला जाऊच नका. जुनं मंदिर बघायचंच असेल तर सीखोराफुमचं बघा. विटांचे पाच मनोरे आणि दारावरच्या दगडात नाचणारा शंकर, सोबत गणपतीही. सुरिनहून पुढे रेल्वेने जाता येतं.

बँकॉकहून गाडी क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून सुटते, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन बसू नका. रात्रीची स्लीपर सुरिनला भल्या पहाटे उतरवते, गुडघ्यांसाठी दिवसाचीच बरी. आणि डिजिटल अरायव्हल कार्ड थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. फुकट असतं, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार. साखळीचं आईला वाचून दाखवलं. ती जरा गप्प बसली, मग म्हणाली, "मग आधी माग बघू." तेव्हा जानेवारी नक्की, जत्रा रद्द. था सावांग शहरापासून जवळ आहे, तिथे दोन दिवस देणार.

आता नवीनच निघालंय. सुरिनजवळच्या ख्वाव सिनारिनला चांदीच्या पातळ पत्र्याचे मणी करतात, आत लाख भरून. आईने तिचा कोल्हापुरी साज काढून समोर ठेवलाय: "हेही असेच." तिथे कारागिराच्या घरी बसून काम बघू देतात का, की नुसतं दुकान आहे? कोणी गेलं असेल तर सांगा. आणि साज सोबत नेऊ द्यावा का तिला? ती ऐकणार नाही, पण विचारून ठेवते.