'कॅपॅबिलिटी' म्हणजे क्षमता? मग 'अनटाइप्ड' म्हणजे काय?

प्रश्न
एसईएल४ या मायक्रोकर्नेलविषयी (ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी लहान गाभा) मराठीत लिहिताना 'कॅपॅबिलिटी'ला कोशातला 'क्षमता' शब्द घेतला, तर 'ड्रायव्हरला इंटरप्टची (उपकरणाकडून येणाऱ्या हाकेची) क्षमता द्या' असं वाक्य होतं. अर्थ लागत नाही. काय म्हणावं? 'बॅज' आणि 'अनटाइप्ड' यांनाही शब्द हवेत.

प्रतिसाद १
'क्षमता' नकोच. क्षमता अंगात असते, काढून दुसऱ्याला देता येत नाही. १९६६ साली डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांनी हा शब्द योजला तो वेगळ्या अर्थानं: वस्तू कोणती आणि तिचं काय करायची मुभा आहे, हे दोन्ही एकाच खुणेत. 'परवाना' जवळचा वाटतो, पण परवाना नावावर असतो. माझं मत 'मुखत्यारपत्र'. ते मर्यादित अधिकारांचं करता येतं, आणि रद्दही होतं.

(आणि 'कर्नल' लिहू नका. तो लष्करातला.)

प्रतिसाद २
मुखत्यारपत्रही नावावरच असतं की! 'किल्ली' घ्या. कीकॉस या जुन्या प्रणालीत तर 'की' हाच शब्द होता. फक्त एक लक्षात ठेवा, किल्ली प्रोसेसच्या (म्हणजे चालू प्रोग्रामच्या) हातात कधीच येत नाही. ती कर्नेलच्या ताब्यातल्या सीनोडमध्ये (किल्ल्यांच्या कपाटात), एका खणात असते (६४ बिटी यंत्रावर खण ३२ बाइटचा). प्रोसेसला ठाऊक असतो तो खणाचा क्रमांक. नवशिके '५' हा आकडा मेसेजमध्ये घालून पाठवतात आणि किल्ली दिली असं समजतात. घेणारी प्रोसेस तो वापरते तेव्हा तिच्या स्वतःच्या पाचव्या खणात जे असेल ते उघडतं. खण रिकामा असेल तर एरर.

'डिलीट' आणि 'रिव्होक' दोन्हींना 'रद्द करणे' म्हणालात तर घोळ होईल. डिलीटनं ती एक किल्ली जाते. रिव्होकनं तिच्यावरून घडवलेल्या सगळ्या जातात, मूळ मात्र राहते.

प्रतिसाद ३
बॅज = बिल्ला, यात वाद नसावा. सर्व्हर आपल्या एंडपॉइंटच्या (मेसेज जिथे येतात त्या दाराच्या) किल्लीची प्रत 'मिंट' करताना तिला एक आकडा लावतो. त्या प्रतीवरून आलेल्या प्रत्येक मेसेजसोबत तो आकडा येतो, म्हणून ग्राहक ओळखू येतो. एकदा लावलेला बिल्ला बदलता येत नाही.

'अनटाइप्ड'साठी 'प्रकारहीन' वाचलंय. भयंकर. महसुली भाषा वापरा: मोकळी जमीन, आणि 'रीटाइप' म्हणजे प्लॉट पाडणं. बूट झाल्यावर कर्नेल उरलेली सगळी मेमरी अशा मोकळ्या तुकड्यांत पहिल्या प्रोसेसच्या हवाली करतो. तुकड्याचं माप २ च्या घातात. त्यातून ४ केबीचं पान पाडा, १६ बाइटचा एंडपॉइंट पाडा. पण प्लॉट एका टोकाकडून पुढेपुढेच पडत जातात. मधला एक मोकळा केला तरी ती जागा परत मिळत नाही. त्या तुकड्यातले सगळे प्लॉट गेले की मगच पुन्हा सुरुवातीपासून. थ्रेडचा एक प्लॉट जरी उरला तरी अख्खा तुकडा अडतो. तेव्हा दीर्घकाळ टिकणाऱ्या आणि घटकाभराच्या वस्तू एकाच तुकड्यातून काढू नयेत.

प्रतिसाद ४
मूळ वाक्य आता 'ड्रायव्हरला इंटरप्टची किल्ली द्या'. सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरला ती एकटी पुरत नाही: उपकरणाच्या रजिस्टरांच्या पानाची आणि नोटिफिकेशनचीही (इंटरप्ट आल्याचा इशारा ज्यावर मिळतो त्याची) लागते. राहिला 'अ‍ॅक' (अ‍ॅक्नॉलेज). त्याला मराठीत आयता शब्द आहे, 'पोच'. इंटरप्ट हाताळून झाला की त्याच किल्लीनं कर्नेलला पोच द्यायची. विसरलात तर इंटरप्टची ती लाइन बंदच राहते: पहिला इंटरप्ट येतो, पुढे सगळं गप्प, आणि माणूस केबल तपासत बसतो.