विषय: पिंट्याने 'कॅट'चं 'कॅटा' केलं (जूनचा फोनिक्स चेक)

प्रेषक: पिंट्याची आई, स्लाव

नमस्कार मंडळी, मेल जरा लांबलीय, आधीच सॉरी. आमचा पिंट्या इथे इंग्लंडमध्ये इयर वनला (पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग) आहे आणि शाळेतून चिठ्ठी आलीय की जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक आहे, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचता येतात का ते बघतात, ४० शब्द वाचायचे, त्यातले २० खरे आणि २० खोटे. खोटे म्हणजे ज्यांना अर्थच नाही, बाजूला एलियनचं चित्र असतं म्हणे. त्यात सासरे सहा महिन्यांसाठी सोलापूरहून आलेत, रिटायर्ड हेडमास्तर, ते रोज सकाळी त्याला बाराखडीला बसवतात आणि त्याच बैठकीत सी-ए-टी कॅट, डी-ओ-जी डॉग हेही घोकून घेतात. टीचर म्हणाल्या वाचताना लेटरची नावं नकोत, आवाज सांगा. म्हणून मी सांगायला बसले, कअ, ॲ, टअ, आता जोड बघू. तर तो म्हणाला 'कॅटा'! आणि बरोबरच आहे ना त्याचं, मी तेच तर म्हणाले होते. कुणाची मुलं यातून गेलीयत का?

प्रेषक: शनिवारच्या शाळेवाल्या काकू

अगं घाबरू नकोस, पास-नापास असं काही नसतं त्यात. टीचर एकेका मुलाला घेऊन बसते, पाच-दहा मिनिटांचं काम, घड्याळ लावत नाहीत. आधी तोडून म्हटलं तरी चालतं पण शेवटी जोडून अख्खा शब्द यायला हवा, नुसते सुटे आवाज काढून थांबला तर धरत नाहीत. राहिलंच तर इयर टूमध्ये परत घेतात.

मी इथल्या प्रायमरीत बरीच वर्षं असिस्टंट होते. आधी आम्ही काय शिकवायचो माहितीये, चित्र बघ, पहिलं अक्षर बघ आणि अंदाज लाव. घोड्याचं चित्र आणि पहिलं अक्षर एच असलं की मूल बिनधास्त 'हॉर्स' म्हणणार, खाली 'हाउस' का छापलेलं असेना. मग २००६ मध्ये वाचन कसं शिकवावं यावर सरकारने मागवलेला जिम रोझ यांचा अहवाल आला आणि इंग्लंडमधल्या शाळा सिंथेटिक फोनिक्सवर गेल्या, म्हणजे आधी आवाज, मग आवाज जोडून शब्द. रिसेप्शनमध्ये (इयर वनच्या आधीचा वर्ग) सुरुवात ए-बी-सी-डीने करत नाहीत, बऱ्याच ठिकाणी एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घेतात. का, तर तेवढ्यातून लगेच सॅट, पिन, टॅप, नॅप, पॅन वाचता येतं आणि पोराला वाटतं मला वाचता येतंय! आपल्याकडेही पहिलीला अक्षरगट करून शिकवतात ते याचसाठी. पुढे मात्र खरी गंमत, अक्षरं २६ आणि आवाज ४४च्या आसपास, त्यामुळे एकच 'ई' कधी डबल ई घालून येतो (ट्री), कधी ईए (प्यायचा टी), कधी आयई (चीफ). खोटे शब्द एवढ्यासाठीच असतात गं, पाठांतर करून वाचणारं मूल कळावं म्हणून. २०१२ला पहिला चेक झाला त्यात बिम, व्हॅप, उल्फ असलं काहीतरी होतं.

आणि तुझा 'कअ' सोड. आवाजाला अ लावायचा नाही. शाळा याला 'प्युअर साउंड' म्हणते.

प्रेषक: जुळ्यांचा बाबा, रेडिंग

काकूंचा मान ठेवून थोडं उलटं बोलतो. जुळ्यांच्या आधीची आमची मोठी रिसेप्शनपासूनच पुस्तकांत डोकं घालून बसलेली असायची, चेकमध्ये आली ४०पैकी ३१वर, अपेक्षित रेषा ३२ची. 'स्ट्रॉम' लिहिलेलं असलं तर ही 'स्टॉर्म' वाचणार, तिला वाटायचं छापणाऱ्याची चूक आहे आणि आपण सुधारून देतोय. एका मार्कासाठी इयर टूमध्ये परत सॅट-पिन करत बसली बिचारी. आणि मार्कांचं म्हणाल तर पहिल्या दोन वर्षी ३२ ही रेषा शाळांना आधीच माहीत होती, तेव्हा देशभरच्या मार्कांचा आलेख काढला तर ३१वर खड्डा आणि बरोबर ३२वर सुळका! कुणाचा हात कुठे सैल सुटला ते सांगायला नको. आता रेषा चेक झाल्यावर जाहीर करतात, आणि निघते पुन्हा ३२च. २०१२ला ५८ टक्के मुलं त्या रेषेवर पोचली होती, २०२४ला ८० टक्के. त्यातलं खरं वाचन किती आणि एलियनची प्रॅक्टिस किती, हा माझा प्रश्न आहे.

प्रेषक: शनिवारच्या शाळेवाल्या काकू

प्रॅक्टिस करून घेतातच रे, नाही कुठे म्हणतेय. खोट्या शब्दांच्या याद्या घरी पाठवणाऱ्या शाळा मलाही पटत नाहीत. पण तुझ्या मोठीसारखी मुलं कुठल्याही पद्धतीने वाचायला शिकतात, मला आठवतात ती अंदाज लावत लावत इयर थ्रीपर्यंत पोचलेली, त्यांना कुणी पकडलंच नव्हतं. त्या मुलांसाठी तरी हे हवं होतं. तुझी एक मार्काची तक्रार मान्य.

प्रेषक: पिंट्याची आई, स्लाव (लिहिणारे: आजोबा)

सर्वांना सप्रेम नमस्कार. सूनबाईंच्या खात्यावरून लिहितो आहे. काकूंनी 'आवाजाला अ लावायचा नाही' असे लिहिले, त्यावर मी दोन दिवस विचार केला. आपण 'क' लिहितो तेव्हा त्यात अ धरलेलाच असतो, त्यामुळे मराठी माणसाच्या तोंडून 'कअ' येणारच. पण तो काढून टाकायची सोयही आपल्याच लिपीत आहे की, अक्षराचा पाय मोडायचा! मी कार्डाच्या पुढे इंग्रजी अक्षरे आणि मागे क् ॲ ट् असे लिहून दिले. नातू पहिल्या फटक्यात 'कॅट' म्हणाला. त्याला म्हटले, 'घर' वाच. 'घर' म्हणाला, 'घरअ' नाही. म्हणजे शेवटचा अ गाळणे त्याला जन्मापासून येतेच आहे, शिकवायचे काय त्यात.

अडचण आली 'व'ची. गुरांचा डॉक्टर तो व्हेट आणि ओले ते वेट, मी दोघांना एकच व शिकवला. नातवाने मला थांबवले, म्हणाला, आजोबा, एकात दात ओठावर आणि दुसऱ्यात शिट्टी वाजवतो तसं तोंड. चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले, हे मला कोणी सांगितले नव्हते.

स्पेलिंगचे घोकणे मी सोडलेले नाही, लिहायला लागेल तेव्हा ते लागेलच. मात्र वाचताना आता नाही. शिवाय काल त्याला मराठीतच खोटे शब्द लिहून दिले, टमुरा, लुचडं, घिपोळ. पोट धरून हसला आणि तिन्ही बरोबर वाचले.

प्रेषक: शनिवारच्या शाळेवाल्या काकू

आजोबा, पाय मोडायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही हो! आणि 'व'ची चिंता करू नका, मुलाचा उच्चार कुठल्या धाटणीचा आहे ते लक्षात घेऊनच मार्क द्या असं टीचरना सांगितलेलं असतं. शनिवारी १० वाजता हॉलवर या आणि सगळ्यांच्या पोरांना घ्या. पुठ्ठा आणि स्केचपेन माझ्याकडे आहेत, तुम्ही फक्त खोट्या शब्दांची वही आणा. आमच्या घरी काल दुधीला 'घिपोळ' नाव पडलंय.

प्रेषक: पिंट्याची आई, स्लाव

येतील काकू, आत्तापासून वही घेऊन बसलेत. फक्त त्यांचं परतीचं तिकीट ६ जूनचं आहे, चेकच्या आधीच निघतील ते, म्हणजे दोनच शनिवार मिळतात. चालेल ना?