मदत हवी आहे: हेडलाईटला रिले किट आणि ९०/१००चे बल्ब बसवावेत का?

चिंचवडकर
मंडळी, जरा लवकर उत्तर द्या, शनिवारी रात्री निघायचंय. गणपतीला गावी, ताम्हिणीतून. हेडलाईटचा उजेड इतका कमी झालाय की पावसात डिपरवर (खालच्या फोकसवर) रस्त्याची पांढरी पट्टीसुद्धा दिसत नाही. इलेक्ट्रिशियनकडे गेलो तर म्हणाला, रिलेचं वायरिंग किट (म्हणजे बल्बला करंट स्विचमधून न जाता बॅटरीकडून थेट येतो) टाका, ९०/१०० वॅटचे बल्ब टाका, बॅटरी एक साईज मोठी घ्या, आणि गाडी खोलतोच आहोत तर हॉर्नची जोडीपण बदलून टाका. बॅटरी सोडून साडेचार हजार. एवढं करण्यात अर्थ आहे का? की सरळ एलईडी टाकू? ऑनलाईन दीड हजारात मिळतायत. हो की नाही एवढंच सांगा.

जुना_गॅरेजवाला
गाडी कोणती, कितव्या सालची? हेडलाईट रिफ्लेक्टरचा की प्रोजेक्टरचा (भिंगाचा)? आत्ता आत कोणते बल्ब आहेत? उजेड आधीपासून कमी की हल्ली कमी झाला? यातलं काहीच लिहिलेलं नाही, हो-नाही कशाच्या जोरावर सांगू?

सह्याद्री७७
एलईडी टाका आणि विसरून जा. मी गेल्या दिवाळीला टाकले, रात्रीचा दिवस होतो. करंटही कमी खातात, म्हणजे वायरिंगला हात लावायची गरजच नाही.

निशा_के
@सह्याद्री७७, हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकी कुठे आहे ते धरून घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेवर, त्या आकाराची नसते, म्हणून उजेड वर आणि आजूबाजूला फेकला जातो. तुम्हाला जवळचा रस्ता लखलखीत दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. घाटात वळणावर समोरच्याला दोन सेकंद काही दिसलं नाही की काय होतं, हे मी समोरच्या सीटवर बसून अनुभवलंय. शिवाय पावसात-धुक्यात तो निळसर पांढरा उजेड थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी नको.

सह्याद्री७७
माझ्याकडे आजवर कुणीही तक्रार केलेली नाही.

निशा_के
समोरचा गाडी थांबवून तक्रार करायला येणार आहे का? तो अप्पर-डिपर मारतो, तीच तक्रार.

चिंचवडकर
भांडू नका हो, वेळ नाहीये. पेट्रोल हॅचबॅक, २०१२. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की धागा तिकडेच वाहवत जातो. साधा रिफ्लेक्टर, एच४चा एकच बल्ब, ६०/५५ वॅट (अप्पर ६०, डिपर ५५). पहिल्यापासून बेताचाच होता, पण गेल्या पावसाळ्यापासून जास्त. सिग्नलला उभं राहिलं की आणखी मंद होतो.

मोहन_ठाणे
काच तपासलीत का? इतक्या वर्षांत बाहेरचं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं आणि अर्धा उजेड तिथेच अडतो. पाण्याच्या पॉलिश पेपरने, १००० आणि मग २००० नंबर, घासून वरून यूव्ही कोटिंग मारून घ्या. कोटिंग नाही मारलं तर काही महिन्यांत परत पिवळं.

चिंचवडकर
काच नवीन आहे. मागे बंपर लागला तेव्हा दोन्ही बाजू बदलल्या.

डॅशकॅमप्रेमी
माझा अनुभव सांगतो. डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवायचा असेल तर लो व्होल्टेज कटऑफवालंच किट घ्या. अर्धा अँपिअर जरी सतत ओढला तरी चोवीस तासांत १२ अँपिअर-अवर जातात, आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ची असते. गावाला चार दिवस गाडी उभी राहणार, त्यामुळे आधीच सांगून ठेवतो.

चिंचवडकर
डॅशकॅम नाहीये माझ्याकडे.

जुना_गॅरेजवाला
आता बोलता येईल. मोठी बॅटरी आधी यादीतून काढा. इंजिन चालू असताना हेडलाईटला करंट अल्टरनेटर देतो. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी उजेड तेवढाच. बॅटरी सेल्फला दम देत असेल तर आहे तीच ठेवा.

९०/१०० नकोच. ५५चे दोन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, ९०चे दोन १५च्या आसपास. तेवढा करंट जुन्या वायरीतून आणि स्विचमधून गेला की आधी बल्बचा होल्डर वितळतो, मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच जातो, आणि रिले लावून हे वाचवलं तरी उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकी उडते. माझ्याकडे अशा काळ्या पडलेल्या होल्डरांचा डबाच होता. त्यातले बरेचसे असेच कुणीतरी उत्साहाने बदललेल्या बल्बांचे.

तुमचा उजेड हल्ली कमी झालाय, म्हणजे काहीतरी बिघडलंय. ते न शोधता वर नवीन सामान चढवण्यात पैसे घालू नका. मल्टीमीटर आहे का?

वकीलसाहेब_नाशिक
कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, गाडीत बदल करणं बेकायदा आहे.

निशा_के
साहेब, तो निकाल कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आणि नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करण्याबद्दल आहे. ५५च्या जागी ५५चाच बल्ब ठेवून रिले लावण्यात नोंदणीतलं काय बदलतं? ९०/१०० मात्र रस्त्यावर बेकायदाच. आणि विम्याचा मुद्दा खरा आहे: मूळ वायर कापून जोड मारले आणि पुढे शॉर्टसर्किट झालं, तर क्लेम अडतो. वायर न कापता कपलरला (वायरीच्या टोकाच्या प्लगला) कपलर लागेल असंच किट घ्यायचं.

चिंचवडकर
मल्टीमीटर ऑफिसातून आणला. कुठे लावायचा ते लिहा.

जुना_गॅरेजवाला
इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब लागलेलाच ठेवायचा. बल्ब काढून रिकाम्या कपलरवर मोजलं तर करंट वाहत नसतो, आकडा उगाच चांगला दिसतो. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग कपलरच्या मागच्या बाजूने पिना घालून बल्बवर मोजा. मग बल्बची अर्थची (मायनसकडची) पिन ते बॅटरीचा मायनस, आणि बल्बची प्लसची पिन ते बॅटरीचा प्लस. चारही आकडे इथे टाका.

चिंचवडकर
बॅटरीवर १३.९. बल्बवर ११.९. अर्थकडे ०.९, प्लसकडे १.१. डावी-उजवी जवळपास सारखीच.

जुना_गॅरेजवाला
सापडलं. दोन व्होल्ट वाटेतच मरतायत. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे या दोन व्होल्टमागे चाळीस टक्के उजेड गेला. यात अर्थकडचे ०.९ फुकटात मिळतील. हेडलाईटमागे बॉडीला नटाने कसलेली अर्थची वायर शोधा, बंपरच्या कामात ती उघडली गेली असणार. नट काढा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, कसा, वरून ग्रीस. आणि परत मोजा.

सह्याद्री७७
एवढ्या खटाटोपापेक्षा एलईडीला ११.९ पण पुरतात, हे मात्र कबूल करा.

जुना_गॅरेजवाला
पुरतात. आणि सडलेला अर्थ तसाच राहतो, तो पुढे रेडिएटरच्या पंख्याला नडला की घाटात गाडी तापते.

चिंचवडकर
खरंच नटाखाली रंग होता! पेंटरने अर्थच्या जागेवरच रंग मारून वर वायर कसलेली. घासल्यावर अर्थकडे ०.२, बल्बवर १२.६. फरक डोळ्यांना दिसतोय. आता रिले लावू का नको?

जुना_गॅरेजवाला
लावा. राहिलेला १.१ हा लांबून स्विचमधून फिरून येणाऱ्या वायरीतला आहे, तो रिलेनेच जाईल. एवढी एकच वस्तू तुमच्या यादीतली कामाची. आधी स्विच प्लसच्या बाजूला आहे की अर्थच्या, हे मेकॅनिककडून बघून घ्या, दोन्ही प्रकारच्या गाड्या असतात आणि किट त्याप्रमाणे वेगळं. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरात. त्याच्या पुढे कुठेही वायर घासली तर फ्यूज उडेल. त्याच्या अलीकडे घासली तर आग. रिले पिनांचं तोंड खाली करून बसवा म्हणजे पाणी साचणार नाही. बल्ब चांगल्या कंपनीचे ६०/५५च.

हॉर्नवाले_काका
आणि हॉर्नची जोडी? घाटात हॉर्न दमदार हवा बरं का.

निशा_के
काका, घ्यायची तर त्यालाही वेगळा रिले. पण शनिवारच्या आत नको, एका वेळी एकच वायर उघडू द्या.

चिंचवडकर
ठरलं, उद्या किट बसवतो, बॅटरी-हॉर्न रद्द. फोकस कसा सेट करू?

जुना_गॅरेजवाला
सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटर. डिपरची वरची रेघ हेडलाईटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. रिकाम्या गाडीवर करू नका. घरच्यांना मागे बसवा, डिकीत सामान भरा आणि मग बघा, मागचा भाग दबला की फोकस वर चढतो.