आजीच्या भुलाबाईच्या गाण्याचा सॅम्पल अन् सहा रॅपर, कसं जमवावं?

आर्णीचा_पोट्टा: राजेहो, जरा मदत पाह्यजे. आम्ही सहा जण, आर्णी, दिग्रस, दारव्ह्याकडचे, आपापलं रॅप करतो, यंदा सगळ्यांनी मिळून एकच गाणं काढाचं ठरवलं हाय. बीट माह्याकडे. सॅम्पल म्हणून, म्हणजे बीटमध्ये उचलून टाकाचा तुकडा म्हणून, आजीच्या भुलाबाईच्या (आपल्याकडं पोरी-बाया टिपऱ्यांवर म्हणतात त्या) गाण्याची कॅसेट हाय, मामानं २५ वर्षांआधी घरीच टेप केलेली, मांगून टिपऱ्या वाजून रायल्या, ऐकलं का अंगावर काटा येते. पण बीटवर टाकली का चार बारमध्येच (एक बार म्हणजे चार ठोके) ताल सुटते, खालून घरघर येते, अन् सहा जणांचे सोळा-सोळा बार टाकले तर गाणं सरतच नाही. गेल्या साली जुन्या सिनेमाच्या गाण्याचा तुकडा उचलला होता, कॉपीराइटचा क्लेम येऊन गाणं उडालं, म्हणून आधीच विचारतो.

वणीकर_बीट्स: भाऊ, पूर्ण ओळ ताणू नको, आवाज रबरासारखा होते. टिपरीच्या ठोक्यावर बारीक तुकडे काप अन् एकेक तुकडा सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे ठोक्याच्या रेघांवर, बसव. लो-कट (खालचे जाड आवाज कापणारा फिल्टर) लावून खालची घरघर उडव, तिथं तुहा किक (ड्रमचा जाड ठोका) अन् बेस बसन. अन् आजीले ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लावशील तर पाह्य! तिचा सूर हार्मोनियमच्या पट्टीत नसन तर बेस थोडा खाली-वर करून तिच्या सुराले लाव. टिपरीचा एक साफ ठोका मिळाला तर तोच स्नेअर, म्हणजे ड्रमचा टणक ठोका, कर, वेगळा शोधू नको.

यवतमाळची_वकील: क्लेमबद्दल सांगते. "दुसऱ्याच्या गाण्याचे सात सेकंद चालतात" असं पोरं म्हणतात, ते खोटं आहे, कायद्यात सेकंदांची अशी सूटच नाही. सिनेमाच्या गाण्यात दोन हक्क असतात, रेकॉर्डिंगचा वेगळा अन् शब्द-चालीचा वेगळा, दोन्हींची परवानगी लागते. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्द-चालीचा लिहिणाऱ्याच्या अन् चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, तर त्यांच्या भजनांचे शब्दही २०२८ संपेपर्यंत मोकळे नाहीत, हे आपल्याकडच्या पोरांनी लक्षात ठेवा. भुलाबाईचं गाणं पिढीजात असेल तर तो प्रश्न नाही, पण कॅसेट मामांनी टेप केली अन् गायली आजी, दोघांकडून एका कागदावर सही घे. घरचेच आहेत म्हणून सोडू नको.

दिग्रस_सायफर: लांबीचा हिशोब कर ना. ९० बीपीएमले (मिनिटाले ९० ठोके) सोळा बार म्हणजे ४३ सेकंद, सहा जणांचे सव्वाचार मिनिटं, हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, वेगळाच. सगळ्यांले सारखे बार कायले पाह्यजेत? ज्याच्याजवळ सांगाले जास्त हाय त्याले सोळा, बाकीच्यांले आठ. १९८८ ची अमेरिकेच्या मार्ली मार्लची 'द सिम्फनी' ऐक, ओटिस रेडिंगच्या गाण्यातला पियानोचा तुकडा फिरत रायते अन् चौघं एकामांगून एक येते, मास्टा एस, क्रेग जी, कूल जी रॅप, बिग डॅडी केन. तुकडा तोच, पण माणूस बदलला का गाणं नवं वाटते. अन् २००७ चं यूजीके-आउटकास्टचं 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम', त्यात विली हचच्या १९७३ च्या गाण्याचा सॅम्पल हाय, आउटकास्टचा आंद्रे ३००० पह्यले येते अन् त्याच्या खाली ड्रम जवळपास नाहीच, यूजीकेचा पिंप सी आला का ड्रम पडते. तुह्या गाण्यातबी पह्यल्या पोट्ट्याले नुसत्या आजीच्या आवाजावर बोलू दे, दुसऱ्याच्या वक्ती ड्रम टाक.

वणीकर_बीट्स: अन् आजी हाय ना अजून? मंग कॅसेट ठेव बाजूले, तिलेच पुन्हा गावाले लाव. हेडफोनमध्ये टिपरीचा ठोका दे.

आर्णीचा_पोट्टा: सगळ्यांचे आभार मानतो. आजी ७८ वर्षांची हाय, दिवाळीनंतर रेकॉर्ड केलं. घरात कपाशीचा ढीग छतापर्यंत, भाव नाही म्हणून विकला नव्हता, त्याच खोलीत माइक लावला, आवाज एकदम कोरडा आला, भिंतीचा घुमारा अजिबात नाही. हेडफोन तिनं काढून फेकला, म्हणे कानात कोणी ठोकून रायलं, मंग आईनं समोर बसून टिपऱ्या वाजवल्या अन् आजी त्या तालावर गायली. दुसरं कडवं तिले आठवेना, तिथं ती थांबली अन् आईकडे पाह्यलं, तो दोन सेकंदाचा श्वास मी तसाच ठेवला, तिथूनच ड्रम पडते. मामाची अन् आजीची सही झाली, आजीनं अंगठा नाही, नाव लिहिलं. आता दारव्ह्याच्या पोट्ट्याचे आठ बार बाकी हाय, तो जिनिंगवर रातपाळीले हाय, येत्या ऐतवारी येते.