संक्षिप्त आणि त्रोटक

‘संक्षिप्त’ आणि ‘त्रोटक’ हे शब्द अलीकडे सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘त्यांनी त्रोटक पण छान माहिती दिली’ अशी वाक्यरचना वाचली की मी अडखळतो, कारण काहीतरी राहून गेल्याची तक्रार ‘त्रोटक’ या शब्दातच आहे.

‘संक्षेप’ हा शब्द ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘क्षिप्’ हा धातू यांचा मिळून झाला आहे. क्षिप् म्हणजे टाकणे, फेकणे. आक्षेप, निक्षेप, प्रक्षेप आणि हस्तक्षेप ही त्याचीच भावंडे. सम् लागला की ‘एकत्र टाकणे’ असा अर्थ होतो, आणि पसरलेले एकत्र आणले म्हणजे ते थोडक्या जागेत मावते, म्हणून संक्षेप. बासुंदी आटवताना कढईच्या कडेला धरलेली साय आपण उलथन्याने खरवडून पुन्हा दुधात ढकलतो. दूध कमी होत जाते, पण साय वाया जात नाही. संक्षेप या शब्दाचा मूळ अर्थ मला त्या उलथन्यात दिसतो.

‘समास’ हा शब्दही अगदी असाच घडला आहे. ‘अस्’ या धातूचाही एक अर्थ फेकणे असा असून ‘अस्त्र’ त्यावरूनच आले. समास म्हटले की आपल्याला व्याकरण आठवते, परंतु गीतेच्या तेराव्या अध्यायातील ‘तत्समासेन मे शृणु’ याचा अर्थ ‘ते माझ्याकडून थोडक्यात ऐक’ असाच आहे. दासबोधाच्या 20 दशकांतील प्रत्येकी 10 प्रकरणांनाही समासच म्हणतात. याच्या उलट ‘वि’ उपसर्ग लागून ‘व्यास’ होतो, म्हणजे विस्तार. वर्तुळाचा व्यास आणि वेद विभागून मांडणारे व्यास हे दोन्ही त्यातलेच. महाभारताच्या आदिपर्वात ‘इष्टं हि विदुषां लोके समासव्यासधारणम्’ असे म्हटले आहे: एकच ज्ञान थोडक्यात आणि विस्ताराने अशा दोन्ही रीतींनी धारण करणे विद्वानांना आवडते. समास आणि व्यास यांत ज्ञान तेच राहते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘त्रोटक’ मात्र ‘त्रुट्’ म्हणजे तुटणे या धातूचा. त्रुटी आणि त्रुटित हे शब्दही त्याच घरातले. जुन्या पोस्टकार्डावर ‘ती. बाबांस सा. न. वि. वि.’ असे लिहिलेले असे आणि वाचणारा ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे सगळे मनातल्या मनात पूर्ण करी. तो संक्षेप होता. त्याच कार्डावर ‘पोचलो. बरा आहे.’ एवढ्या दोनच ओळी आल्या, तर घरातली आई कार्ड उलटून पाठीमागे आणखी काही लिहिले आहे का ते पाही. ते पत्र त्रोटक.

‘सारांश’ हा सार आणि अंश यांचा सरळ समास आहे. ‘गोषवारा’ फारसीतून आला. तेथे ‘गोश’ म्हणजे कान आणि ‘गोशवारा’ म्हणजे कानातला दागिना, तसाच हिशेबाचा आढावाही. म्हणून जमाखर्चाचा किंवा सभेतील कामकाजाचा गोषवारा शोभतो, कवितेचा तितकासा शोभत नाही.

वरच्या वाक्यात ‘संक्षिप्त पण छान माहिती’ असे म्हणावे. माहिती खरोखर अपुरी असेल तेव्हाच तिला त्रोटक म्हणावे, आणि मग तिच्यापुढे ‘छान’ लावू नये.