मदत हवी आहे: लेकीसाठी गोव्याचं बिट्स की कराडचं शासकीय?

नमस्कार मंडळी. गोव्याची फी भरायची मुदत या आठवड्यात संपतेय आणि घरात एकमत होत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय.

लेकीला बिट्स पिलानी या खाजगी संस्थेच्या गोवा कॅम्पसला इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंटेशन मिळतंय. सीईटीचे पर्सेंटाइल आणि गेल्या वर्षीचा कटऑफ बघता कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळायला हरकत नाही.

गोव्याला चार वर्षांचा खर्च हॉस्टेल-मेस धरून वीस लाखांच्या वर जातोय. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४ च्या शासन निर्णयामुळे कॅपमधून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, म्हणजे कराडला मुख्य खर्च राहण्याजेवणाचाच. गोव्याला ही माफी नाही. तिथे मार्क आणि उत्पन्न बघून फीत सूट मिळते म्हणे, पण चारही वर्षं ती मिळेलच असं धरून कसं चालायचं?

मिस्टरांचं पलूसला कृषी सेवा केंद्र आहे. उसाचं बिल जमा झालं की लोक उधारी मिटवतात, तोवर वहीत नुसते आकडे. अशा धंद्यात महिन्याचा हप्ता बसवायचा म्हणजे छातीवर दगड. पंधरा लाख कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर हप्ता १९,८०० च्या आसपास येतो. शिकत असताना साठणारं व्याज वेगळं. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी शैक्षणिक कर्ज योजनेत दहा लाखांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ती हप्ते सुरू होईपर्यंतच, आणि निवडीत शासकीय संस्थांच्या मुलांना प्राधान्य. शिवाय धाकटा दहावीत आहे, त्याचंही बघायचंय.

दीर म्हणतात, गोव्याच्या नावाला किंमत आहे, मागेपुढे बघू नका. लेकीला नावापेक्षा तिथल्या प्रॅक्टिस स्कूलची ओढ आहे, कारण त्यात अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत काम करायला मिळतं. या सुट्टीत तिने मातीचा ओलावा बघून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारं सर्किट बनवलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सोल्डरिंग चालायचं. अशा पोरीला चांगली लॅब मिळावी असं मलाही मनापासून वाटतं.

तरी माझा कल कराडकडे आहे. तिला पुढे एम.टेक. करायचंय. गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, मोठ्या संस्थेचं नाव तेव्हाही लागेल. डोक्यावर कर्ज असलं तर मात्र बी.ई. झाल्या झाल्या मिळेल ती नोकरी धरावी लागेल.

कराडला ईएनटीसी केलेल्यांनी कृपया सांगा: लॅब शिकवण्याच्या तासांनंतर वापरू देतात का? इलेक्ट्रॉनिक्सच्याच कंपन्या कॅम्पसला येतात की बहुतेक सॉफ्टवेअरच्या? आणि कर्ज काढून गोव्याला शिकलेल्यांनो, हप्ता कुणी फेडला, तुम्ही की आईवडिलांनी?