पिशवी काढल्यापासून स्वतःच्या शरीराचा रागच येतो, आभार कसे मानायचे?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४३, भडगाव तालुक्यात शाळेत शिकवते. मागच्या मार्गशीर्षात माझी गर्भाशयाची पिशवी काढली. गाठी होत्या. दोन वर्षं पाळी म्हणजे दहा दहा बारा बारा दिवस, वर्गात खुर्चीतून उठताना आधी साडी मागून चाचपायची आणि मग फळ्याकडे जायचं असं चाललेलं. हिमोग्लोबिन ६.८ वर आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले आता थांबायचं नाही. आधी दोन बाटल्या रक्त चढवलं, मग ऑपरेशन. अंडाशय ठेवलेत, रिपोर्ट चांगला आला, डॉक्टरांबद्दल काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते माझ्याच अंगाबद्दल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, लिंबाला झोका बांधलेला, सगळ्या बहिणी बसल्या आणि मी बसलेच नाही, पोटात काहीतरी हलेल असं वाटत राहिलं. काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "पिशवी काढी का बाईनं आंग सुटसच." तिच्या मनात वाईट नव्हतं पण मला ते इतकं लागलं. आंघोळ करताना मी टाक्यांकडे बघत नाही, साबणाचा हात तिथून पटकन पुढे नेते, जसं काही दुसऱ्या कुणाचं पोट आहे. दुपारी चारनंतर अंगात त्राण राहत नाही आणि मग मनातल्या मनात सुरू होतं, काही कामाचं नाही हे शरीर, ऐनवेळी दगा दिला. वर्गातल्या एखाद्या पोराला मी असं कधी बोलणार नाही, आणि स्वतःला रोज बोलते.

समुपदेशक मॅडमनी सांगितलं रोज रात्री शरीराचे आभार माना. पाच दिवस केलं. पण धन्यवाद पोटा, धन्यवाद पायांनो म्हणताना खोटं वाटतं, ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी तोंडदेखलं गोड बोलल्यासारखं. कुणाला खरंच जमलंय का हे? म्हणजे नेमकं करता काय तुम्ही?

केळीबाग_यावल

ताई, मी शेतकरी माणूस, पुस्तकी काही सांगता येणार नाही पण तुमचं वाचून राहवलं नाही. परवा पोळा, म्हणजे उद्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, तिथं गरम पाण्यानं शेकायचं, हळद आणि तूप चोळायचं आणि म्हणायचं आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आता बघा, यात धन्यवाद हा शब्द कुठंच नाही. सगळं हातानं. आणि हात फिरवता फिरवता कळतं पण, कुठं सूज आहे, कुठं कातडं सोललंय.

माझं सांगतो. केळीचा घड वीस पंचवीस किलोचा, माल कापायला लागला की खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा, वर्षानुवर्षं तेच. उजवा खांदा आखडला, सदरा घालता येईना, तरी आठ महिने दुखणं अंगावर काढलं. बैल एक दिवस लंगडला तर त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरला फोन करणारा मी. त्या वर्षी खांदेमळणीला वडिलांनी दोन्ही बैलांचं आवरलं, वाटीत हळदतूप उरलं होतं, माझ्या पाठीमागे येऊन बसले आणि माझ्या खांद्याला चोळायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. मला रडू आवरेना. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो, व्यायाम सुरू केले, आता हात वर जातो. अजूनही रात्री झोपताना स्वतःच तेल लावतो खांद्याला. तुम्ही आभार राहू द्या सध्या. नुसता हात ठेवा.

भुसावळकर६१

रोज सकाळी पाच किलोमीटर चाला, सगळं मनातून निघून जाईल. मी ७२ किलोचा ६४ वर आलो आहे.

सिस्टर_धुळे

भुसावळकर काका, चालणं चांगलंच पण ताईंनी वजनाचं विचारलेलं नाहीये.

ताई, मी बावीस वर्षं वॉर्डात काढली, आणि तुमच्या त्या दगा शब्दावर मला बोलायचंय. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे, तुमचं ६.८. म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी माणसं जवळजवळ निम्मी आणि काम पूर्ण. मग शरीराने काय केलं, तर हृदयाने ठोके वाढवले, एकच रक्त पुन्हा पुन्हा पळवलं, आणि मेंदूला अन् हृदयाला आधी पुरवलं, म्हणून हातपाय गार पडत असतील तुमचे. जिना चढताना छातीत धडधडायचं ना? तेच ते, तुमच्यासाठी धावत होतं. गर्भाशयात गाठी झाल्या हे खरं, पण बाकीचं सगळं अंग दोन वर्षं तुम्हाला शाळेत उभं ठेवायला झटत होतं हेही तितकंच खरं.

आणि अजून एक. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तुम्हाला चढवलेल्या त्या दोन बाटल्या केव्हाच संपल्या. आज जे वाहतंय ते सगळं तुमच्याच हाडांच्या मगजात बनलेलं, तुम्ही खाल्लेल्या भाकरीतून.

टाक्यांभोवती बधिर लागतं का? कापताना कातडीतल्या बारीक नसा तुटतात, कधी हळूहळू जाणीव येते, कधी एखादी जागा तशीच राहते. दुसऱ्याचं पोट वाटतं त्यात हेही कारण असू शकतं. जखम पूर्ण भरली असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून दोन बोटांनी तेल लावून हलकं गोल गोल चोळा.

पण आठ महिन्यांनंतरही चारला त्राण जातंय हे मनावर ढकलू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी१२ या तपासण्या करून घ्या. अंडाशय ठेवलेले असले तरी पिशवी काढलेल्या काही बायकांना पाळी जाण्याची लक्षणं थोडी लवकर येतात, रात्री घाम, अंग तापणं असं काही असेल तर तेही सांगा. आणि जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही, तासभर जाऊ द्या. अंबाडी, मेथी काहीही असो, वर लिंबू पिळा.

सातपुडा_पायथा

मी तळोद्याकडचा, २६ वर्षांचा, मला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण माझं थोडं वेगळं आहे. माझ्या पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि मग हाडांत जे दुखतं ते शब्दात सांगता येत नाही. सिस्टरनी १२० दिवस लिहिलं, माझ्या पेशी दहा वीस दिवसच जगतात. दुखणं चालू असताना मला कुणी शरीराचे आभार मान म्हटलं तर मी तोंड फिरवतो आणि मला वाटतं ते चूक नाही. त्या वेळी राग आला तर येऊ द्यावा.

बारावीला असताना खूप भांडलो अंगाशी. पाणी प्यायचो नाही, गोळ्या चुकवायचो, मित्रांबरोबर थंडीत नदीत पोहायचो आणि मग दवाखान्यात. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की याच जीनची एकच प्रत ज्याला असते त्याला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून जंगलपट्टीत तो टिकून राहिला. म्हणजे आमच्या कित्येक आज्या पणज्या त्याच्यामुळे जगल्या. मला आई आणि बाप दोन्हीकडून आला. हे कळल्यावर दुखणं कमी झालं नाही पण हे अंग माझ्यावर उठलंय असं वाटणं बंद झालं.

आता मी एवढंच करतो, हायड्रॉक्सियुरियाची गोळी वेळेवर, पाण्याची बाटली कायम हातात, मे महिन्यात पारा ४५ ला जातो तेव्हा दुपारी बाहेर नाही, थंडीत कानटोपी. प्रेम आहे का माहीत नाही, पण काळजी घेतो. प्रेम नसतानाही काळजी घेता येते ताई.

गिरणाकाठची

सगळ्यांचं दोन तीनदा वाचलं. सातपुडा भाऊ, तुझं शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

काल रात्री पोरं झोपल्यावर दिवा चालू ठेवून बसले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. मला वाटत होतं मोठा लालभडक वण असेल, तर फिकट झालाय, मेंदीच्या शेवटच्या दिवसासारखा. डाव्या बाजूला दोन बोटांएवढी जागा खरंच बधिर आहे, सिस्टर. हात लावला तर हाताला पोट लागतं पण पोटाला हात लागत नाही. तिथेच ठेवला थोडा वेळ. बोलले काहीच नाही. धडधडायचं ते आठवलं, जिन्यात कठड्याला धरून उभी राहायचे आणि मनात शिव्या द्यायचे, आणि ते बिचारं धावत होतं.

शनिवारी सकाळची शाळा आहे, सुटल्यावर लॅबमध्ये जाऊन सगळ्या टेस्ट करते आणि वण चोळण्याबद्दल डॉक्टरांना पण विचारते. यावलच्या दादा, वडिलांना नमस्कार सांगा. आमच्याकडे आता बैल नाहीत, मातीचेच पुजतो, पण उद्या हळदतूप करणार आहे वाटीभर, यांची पण कंबर धरलेली असते.